द्यूत, नाणे आणि प्रस्तार

वेरूळच्या डोंगरात राष्ट्रकूट कृष्णराजाचे कैलास मंदिर कोरले जाण्यापूर्वी ज्या शैव लेण्यांवर टाकीचे घाव पडले, त्यांपैकी चौदाव्या, एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या क्रमांकाच्या लेण्यांत एकच प्रसंग पुनःपुन्हा कोरलेला आढळतो. शिव आणि पार्वती समोरासमोर बसून अक्षक्रीडा करीत आहेत. 'रावण की खाई' या नावाने लोकांस परिचित असलेल्या चौदाव्या लेण्याच्या दक्षिण भिंतीवर महिषासुरमर्दिनी, तांडव आणि कैलास हलविणारा रावण अशा उग्र आणि भव्य प्रसंगांच्या रांगेत शिल्पकाराने या घरगुती खेळालाही तेवढेच क्षेत्र आणि तेवढेच महत्त्व दिले आहे. या द्यूतपटांच्या खालच्या अंगास गणांचा मेळा नंदीला छळताना दिसतो, आणि वरच्या अंगास स्वतः महादेव हरलेल्या डावाच्या विवंचनेत आहेत असा भाव पाहणाराच्या मनावर ठसतो. स्कंदपुराणाच्या केदारखंडात ही कथा विस्ताराने आली आहे. तीत देवी एकामागून एक डाव जिंकत जाते, चंद्रकलेपासून कौपीनापर्यंत सर्व काही पणास लागून जाते, आणि अखेर सर्वस्व हरलेला देव वनाचा रस्ता धरतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, ज्या दिवशी आपण बळीची पूजा करतो, त्याच दिवशी द्यूत खेळावे आणि त्याच्या निकालावरून येत्या वर्षाच्या शुभाशुभाचा अंदाज घ्यावा, या जुन्या धर्मशास्त्रीय प्रघाताचे मूळही परंपरा याच कथेशी जोडते.

दोन खेळाडू, दोघांच्या हाताबाहेरचे एक साधन, आणि पण. एवढ्या सामग्रीतून जो प्रश्न उद्भवतो तो असा, की खेळ ऐन रंगात असता कोणत्या पक्षाचा विजय किती संभवनीय आहे हे अंकांनी सांगता येईल काय? आजचे गणित या प्रश्नाचा उलगडा करताना फासे बाजूला ठेवून छापा आणि काटा अशी दोनच अंगे असलेले नाणे हाती घेते, कारण त्याहून साधे साधन कल्पिता येत नाही. हे गणित सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जन्मले असे आपल्याला शाळेत सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगराच्या भोवताली, वेरूळ, देवगिरी, पैठण आणि अजिंठ्याच्या रांगेपलीकडील पाटण या पंचक्रोशीत, त्या गणिताला लागणारी बहुतेक सामग्री कित्येक शतके अगोदर सिद्ध होती. तिचा हा इतिहास आपल्या वाचकांस पुरेसा माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रथम प्रघाताविषयी. मनूने द्यूताचा सरसकट निषेध केला असला तरी व्यवहार पाहणाऱ्या शास्त्रकारांनी वेगळी वाट धरली. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमून खेळ एकाच ठिकाणी चालावा, फासे सरकारमान्य असावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा व्हावेत अशी तजवीज सांगितली. याज्ञवल्क्याने द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाचा हक्क ठरवून दिला. शंभर किंवा त्याहून मोठ्या डावावर जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच आणि लहान डावावर शेकडा दहा त्याने वसूल करावेत, आणि त्याच्या मोबदल्यात जिंकणाऱ्याचे येणे हरणाऱ्याकडून मिळवून द्यावे व राजाचा भाग राजास पोचवावा, अशी ती व्यवस्था होती. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली, आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांचे वर्णन करताना फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांना स्वतंत्र प्रकरणे दिली. दख्खनच्या राजदरबारी द्यूत ही लपूनछपून करावयाची गोष्ट नव्हती. तिचे नियम होते, तिचा महसूल होता, तिचे निवाडे होते.

शेकडा पाचाची ही कपात वरवर क्षुल्लक वाटते. पण दोन समबल खेळाडू शंभराचा एकेक डाव खेळत बसले, तर हरणारा शंभर गमावतो आणि जिंकणारा पंचाण्णवच घरी नेतो. अर्थात प्रत्येकाच्या पदरी दर डावामागे सरासरी अडीचाची तूट येते, आणि खेळ जितका लांबेल तितके दोघांचेही द्रव्य सभिकाच्या पेटीत साचत जाते. कपात मुळीच नसली तरी धोका टळत नाही. बरोबरीच्या खेळात दोघांपैकी एकाचे सर्व द्रव्य संपेपर्यंत एकेक नाणे लावीत राहिले, तर एकूण द्रव्याचा जितका हिस्सा ज्याच्याजवळ असेल तितकाच त्याच्या अंतिम विजयाचा संभव असतो. दहा नाणी घेऊन नव्वद नाण्यांच्या धन्यासमोर बसणारा दहांतून नऊ वेळा रिकाम्या हातांनी उठतो, आणि तेही फासे निर्दोष असताना. डच गणिती हायगेन्सने १६५७ साली छापलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात या जातीचा प्रश्न विचारार्थ ठेवला होता.

या नियमाचे मानवी चित्र पाहावयाचे तर आपल्याला परदेशी जावे लागत नाही. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची जी हकिगत आली आहे, तीत भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव द्यूताच्या नादी लागून पुष्कळ द्रव्य हरतो, ते फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागतो, ती ते देण्यास नकार देते, आणि त्या नकाराने विरक्त झालेले त्याचे मन रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घरातून कायमचे बाहेर पडते. तेच हरपाळदेव पुढे गोविंदप्रभूंच्या भेटीने पालटून महाराष्ट्रात संचार करू लागले, पैठणास त्यांनी संन्यास स्वीकारला, आणि त्यांच्या आठवणींतून मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ उभा राहिला. आपल्या भाषेच्या गद्याच्या उगमाशी हरलेल्या डावाची एक कथा आहे, ही गोष्ट मला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

फाशाला अनेक अंगे असतात, कवडीला दोनच: तोंड वर किंवा पाठ वर. मराठवाड्याच्या घराघरांतून सोंगट्यांच्या पटाबरोबर जो अष्टाचंगाचा, कोठे चल्लस-आठ म्हणविला जाणारा, खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यात चार कवड्या, आणि त्या नसल्यास चिंचोक्याच्या चार डाळिंब्या, हातात खुळखुळवून टाकावयाच्या आणि किती उताण्या पडल्या ते मोजावयाचे असा नियम आहे. सर्व उताण्या पडल्या तर चार, सर्व पालथ्या पडल्या तर आठ. चार कवड्या पडण्याचे प्रकार एकंदर १६. त्यांत एकही उताणी नसण्याचा प्रकार १, एक उताणी असण्याचे ४, दोन असण्याचे ६, तिहींचे ४ आणि चारींचा १. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती तिलाही दोनचे दान वारंवार पडते आणि चार व आठ ही दाने दुर्मिळ आहेत हे अनुभवाने ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या दोन दानांना पटावर विशेष मान आहे. मात्र कवडीचा आकार विषम असतो. तिचे तोंड आणि पाठ सारख्या वेळा वर येतील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. समसमान संभवाचे साधन म्हणून नाण्याचीच कास धरावी लागते.

नाण्यांची या प्रदेशाला कधीच वाण नव्हती. पैठणच्या सातवाहनांपैकी गौतमीपुत्राने क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी आपल्या शिक्क्याने पुन्हा ठोकली, आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीस सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या निधीत अशी पुनर्मुद्रित नाणीच बहुसंख्य होती. एकाच नाण्यावर जेता आणि जित या दोघांच्याही मुद्रा पाहावयास मिळाव्यात, असा हा इतिहासाचा योग आहे. देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक एका बाजूस कमळाचा आणि इतर चिन्हांचा ठसा घेऊन वाटीसारखे किंचित खोलगट होत, आणि त्यांची दुसरी बाजू कोरी राही. मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी आणली, आणि १३२९ च्या सुमारास चांदीच्या टंकाऐवजी पितळ-तांब्याची सांकेतिक नाणी काढली. त्यांतील काहींवर दौलताबादच्या टांकसाळीचे नाव आहे. लोकांनी घरोघरी तशीच नाणी पाडली, आणि सरकारी खजिन्यास ती चांदीच्या भावाने परत घ्यावी लागली. नाण्याच्या दोन बाजूंवर काय लिहिले आहे यापेक्षा त्यामागे कोणाचा शब्द उभा आहे हे रयत किती चोखपणे ओळखते, याचे याहून मोठे उदाहरण दख्खनच्या दप्तरात नसावे.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली. दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये तिला औरंगाबाद हे नाव दिले, आणि येथल्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर ते नाव, पुढे काही काळ 'खुजिस्ता बुनियाद' हे बिरुद, फारसी अक्षरांत उमटू लागले. मोगली रुपयाच्या एका अंगास बादशहाचे नाव असे आणि दुसऱ्या अंगास टांकसाळीचे नाव व राज्यारोहणाचे वर्ष. चित्र कोठेच नसे, सर्व भिस्त अक्षरांच्या वळणावर. आसफजाही अंमलात या नाण्याची जागा हाली शिक्क्याने घेतली. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून त्याच्या एका अंगास चारमिनार आला, आणि मराठवाड्यातील आमच्या मागच्या पिढीने आपल्या बालपणी जी नाणेफेक केली ती बहुधा याच नाण्याने. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश) रुपये असा त्याचा दर होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावरही ते काही वर्षे चालू राहिले, आणि १९५९ मध्ये चलनातून कायमचे गेले.

आता पुन्हा १६५३ कडे येऊ. खडकीचे औरंगाबाद झाले, आणि पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, पॅरिसचा पास्काल आणि तुलूजचा फर्मा यांच्यात तो सुप्रसिद्ध पत्रव्यवहार झाला ज्यातून संभवाचे गणित उदयास आले. (त्याच फ्रान्सचा तेव्हनो हा प्रवासी पुढे बारा-तेरा वर्षांत औरंगाबादेस येऊन गेला, आणि वेरूळची लेणी पाहून त्याने त्यांचे वर्णन आपल्या प्रवासवृत्तात लिहिले.) त्या पत्रांतला प्रश्न असा होता. दोन समबल खेळाडू प्रत्येकी ३२ मोहरा लावतात, आणि जो प्रथम तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ घ्यावयाच्या असे ठरते. एकाचे दोन डाव आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असता काही कारणाने खेळ मोडला, तर रकमेची न्याय्य वाटणी कशी करावी? पूर्वीचे लोक झालेल्या डावांच्या प्रमाणात, म्हणजे दोनास एक अशी, वाटणी सुचवीत. पास्कालने झालेल्या डावांकडे न पाहता व्हावयाच्या डावांकडे पाहिले. पुढचा डाव पहिला जिंकला तर ६४ त्याच्याच. हरला तर दोघांची बरोबरी, म्हणजे ३२. अर्थात ३२ त्याच्या हक्काच्या आहेतच, आणि उरलेल्या ३२ बाबत दोघांचा संभव सारखा, म्हणून त्यातल्या अर्ध्या, १६, त्याला मिळाव्यात. एकूण ४८ आणि १६. फर्माने दुसरी वाट घेतली. आणखी दोन डावांत निकाल निश्चित लागतो. त्या दोन डावांचे प्रकार चार, आणि त्यांपैकी तीन पहिल्यास अनुकूल, म्हणून तीनास एक. उत्तर तेच. वाटणी भूतकाळावर नव्हे, भविष्यकाळातील सर्व शक्य प्रकारांच्या गणनेवर अवलंबून आहे, ही दृष्टी त्या दोघांनी दिली, आणि तिचे श्रेय त्यांच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये.

परंतु सर्व शक्य प्रकारांची ही गणना, जिच्यावर सारी इमारत उभी आहे, ती आपल्या छंदःशास्त्रात फार आधीपासून होती. अक्षर लघु असते किंवा गुरु. नाणे छापा पडते किंवा काटा. तीन अक्षरांच्या चरणाचे जितके प्रकार तितकेच तीन नाणेफेकींचे, आणि पिंगलाने प्रस्तार या नावाने ते ओळीने मांडण्याची रीत घालून दिली. 'यमाताराजभानसलगा' ही दहा अक्षरे ज्याने शाळेत वृत्ते शिकताना घोकली आहेत, त्या प्रत्येक मराठी वाचकाने तीन नाणेफेकींचे आठही निकाल नकळत मुखोद्गत केले आहेत. छापा म्हणजे लघु आणि काटा म्हणजे गुरु असे धरले की यगण म्हणजे छापा-काटा-काटा, मगण म्हणजे तीनही काटे, नगण म्हणजे तीनही छापे. त्या आठांबाहेर नववा निकाल नाही.

पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने 'मृतसंजीवनी' नावाची टीका लिहिली. तीत त्याने मेरुप्रस्तार सांगितला: वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, आणि प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. वर कवड्यांच्या दानात आलेली १, ४, ६, ४, १ ही ओळ त्या मेरूचीच आहे, आणि पाश्चात्य जगात तो आज पास्कालच्या नावाने ओळखला जातो. हा हलायुध पुढे माळव्यात मुंजाच्या आश्रयास गेला खरा, पण त्यापूर्वी तो राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या दरबारी होता, आणि 'कविरहस्य' हे काव्य त्याने त्याच राजासाठी रचले. त्याच राष्ट्रकूट घराण्याच्या अमोघवर्षाच्या राज्यात, नवव्या शतकाच्या मध्यास, जैन गणिती महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' लिहून कित्येक वस्तूंतून काही वस्तू निवडण्याच्या प्रकारांचा सर्वसाधारण नियम दिला. ज्या वंशाने वेरूळचा कैलास घडविला, त्याच वंशाच्या आश्रयाने हे गणितही वाढले.

महावीराचार्याच्या या ग्रंथातील एक उदाहरण तर पैजेविषयीचेच आहे. दोन कोंबड्यांची झुंज लागली आहे, आणि एक चतुर मंत्रज्ञ दोन्ही धन्यांना वेगवेगळे गाठतो. एकास म्हणतो, तुझा कोंबडा जिंकला तर तुझा पण मला दे, हरला तर तुझ्या पणाचे दोन-तृतीयांश मी तुला देईन. दुसऱ्याशी तोच करार, परंतु तीन-चतुर्थांशांचा. झुंजीचा निकाल काहीही लागो, त्याला नेमक्या बारा सुवर्णमुद्रा मिळतात. तर दोघांचे पण किती? उत्तर ४२ आणि ४०. पडताळून पाहा. पहिला जिंकला तर ४२ हाती येतात आणि ४० चे तीन-चतुर्थांश, ३०, द्यावे लागतात. दुसरा जिंकला तर ४० येतात आणि ४२ चे दोन-तृतीयांश, २८, जातात. दोन्हीकडे बारा. कोणता कोंबडा बलवान याचा विचार या माणसाला करावाच लागत नाही. संभव अज्ञात असतानाही पणांची मांडणी अशी करता येते की दैवाचा हस्तक्षेपच संपतो, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी ज्याच्या ध्यानी आली त्या गणित्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

भास्कराचार्याच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० मध्ये, हीच गणना अधिक परिपक्व झालेली दिसते. गायत्री छंदाच्या सहा अक्षरांच्या चरणात एक, दोन, तीन अशा क्रमाने गुरु असलेले प्रकार किती, असा प्रश्न त्याने विचारला आहे. उत्तर ६, १५, २०, १५, ६, १. त्यात सर्व लघूंचा एक मिळविला की बेरीज ६४. नाणे सहा वेळा फेकले तर तीन-तीन अशी बरोबरी होण्याचा संभव याच ओळीतून वाचता येतो: ६४ पैकी २०, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी. सहा फेकीत तीन-तीन होणारच अशी जी सर्वसाधारण समजूत असते, ती या एका ओळीने दूर व्हावी. ग्रंथाच्या अखेरच्या अंकपाश प्रकरणात शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांच्या अदलाबदलीने त्याच्या किती मूर्ती होतील, हे विचारून भास्कराचार्य ३६,२८,८०० हे उत्तर देतो. वेरूळच्या अनेक भुजांच्या शिवमूर्ती पाहताना हा अंक मला हटकून आठवतो.

हे सर्व खरे असले तरी एक मर्यादा मान्य केली पाहिजे. 'लीलावती'त आणि 'गणितसारसंग्रहा'त प्रकारांची गणना वृत्तांसाठी, रसांसाठी, रत्नहारांसाठी केली आहे. खेळाडूंच्या जयापजयाचा हिस्सा काढण्याकडे ती वळविलेली नाही. महाभारतातील ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची फळे न मोजता अंदाजाने सांगतो आणि नलाला अक्षहृदय शिकवितो, तेथे गणना आणि द्यूत क्षणभर एकत्र येतात, परंतु त्या विद्येची रीत कथेत उलगडलेली नाही. साधन आपल्याकडे होते, प्रश्न पॅरिसला विचारला गेला.

तथापि त्या साधनाची धार आजही बोथट झालेली नाही, हे दाखविणारे एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. १९६९ साली वॉल्टर पेनी या अमेरिकन गणित्याने दोन खेळाडूंच्या नाणेफेकीचा एक खेळ प्रसिद्ध केला, आणि तो आपल्या गणांच्या भाषेत जितका स्वच्छ सांगता येतो तितका इंग्रजीतही येत नाही. पहिल्या खेळाडूने एक गण निवडावा. तो ऐकून दुसऱ्याने वेगळा गण निवडावा. मग नाणे एकसारखे फेकीत राहावे आणि छापा-काट्यांची लघु-गुरु अशी एक ओळ लिहीत जावे. ज्याचा गण त्या ओळीत लागोपाठ तीन अक्षरांत आधी प्रकट होईल तो जिंकला. कोणत्याही तीन फेकींत आठही गण सारखेच संभवनीय असल्याने निवडीने काही फरक पडू नये, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल.

पण पहिल्याने नगण घेतला, तीनही लघु, आणि दुसऱ्याने भगण घेतला, गुरु-लघु-लघु, तर काय होते ते पाहा. पहिल्या तीन फेकींतच तीन लघु पडले तर नगण जिंकला. याचा संभव आठात एक. तसे न झाल्यास कोठेतरी एक गुरु येऊन गेलेला असतो, आणि त्यानंतर तीन लघूंची रांग जेव्हा केव्हा प्रथम लागेल, तिच्या आधी गुरु असणारच. म्हणजे तिसरा लघु पडण्यापूर्वीच गुरु-लघु-लघु पुरे होऊन भगण जिंकलेला असतो. भगणाचा विजय सातास एक. आता सगण आणि भगण यांची जोडी घ्या. पहिल्या दोन फेकी लघु-लघु पडल्या तर सगणाचा विजय ठरला, कारण पुढे पहिला गुरु पडताच लघु-लघु-गुरु पुरा होतो आणि गुरुने सुरू होणाऱ्या भगणाला तोवर आरंभच सापडत नाही. याचा संभव चारात एक. उरलेल्या तीन प्रकारांत गुरु आधी येऊन गेला असल्याने भगणच पुढे जातो. तीनास एक.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. भगण सगणाला तीनास एक या प्रमाणात हरवितो. सगण यगणाला दोनास एक. यगण तगणाला (गुरु-गुरु-लघु) तीनास एक. आणि तगण पुन्हा भगणाला दोनास एक! चार मल्लांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याला चीत करतो आणि चौघांत श्रेष्ठ असा कोणीच नाही. त्यामुळे या खेळात आधी निवडणाराचेच नुकसान होते. दुसऱ्याला एकच नियम पाळावयाचा असतो: प्रतिस्पर्ध्याच्या गणातील मधल्या अक्षराच्या उलट अक्षर आरंभी घ्यावे, आणि त्याच्या गणातील पहिली दोन अक्षरे त्यापुढे ठेवावीत. यगण लघु-गुरु-गुरु. मधला गुरु, त्याच्या उलट लघु, पुढे लघु-गुरु. झाला सगण. या नियमाने कोणत्याही गणाविरुद्ध निदान दोनास एक इतका वरचष्मा मिळतो, आणि नाणे मात्र अखेरपर्यंत पूर्णपणे निर्दोष असते.

क्रमाने फेकण्याच्या साध्या खेळातही असाच एक छुपा कल असतो. दोघांनी आळीपाळीने नाणे फेकावे आणि ज्याला प्रथम छापा पडेल तो जिंकला असे ठरले, तर आरंभ करणाऱ्याचा विजय तिनात दोन इतका संभवनीय आहे, कारण दुसऱ्याची पाळी पहिला चुकल्याशिवाय, म्हणजे निम्म्याच वेळा, येते, आणि हे प्रमाण प्रत्येक फेरीत कायम राहते. आरंभ कोणी करावा हेच आधी स्वतंत्र नाणेफेकीने ठरवावे, हा जो जाणत्यांचा आग्रह असतो त्याला असे सबळ कारण आहे.

आता पाटणविषयी थोडे. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले की पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख भाऊ दाजी लाडांनी प्रथम उजेडात आणला, त्यात भास्कराचार्याच्या घराण्याची हकिगत आहे. भास्कराचार्याचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने सन्मानाने नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केले, आणि नातू चंगदेव हा देवगिरीच्या सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चंगदेवाने पाटणास मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान लावून दिले. गणिताच्या अध्यापनासाठी उत्पन्न लावून दिल्याची ही नोंद आहे, आणि ती आपल्या शेजारच्या डोंगरात आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या शाळांतून मराठीचे शिक्षक आजही गण शिकवितात, आणि त्याच शाळेत गणिताचे शिक्षक नाणेफेकीची संभाव्यता शिकवितात. दोन तासिकांमधली भिंत मात्र कोणी ओलांडीत नाही. माझी या दोघांस कळकळीची विनंती आहे की त्यांनी वर्षातून एक तास एकत्र घ्यावा, मुलांच्या हाती एक रुपयाचे नाणे द्यावे, फळ्यावर आठ गण लिहावेत, आणि भगण व सगण यांची झुंज शंभर वेळा लावून निकालांची नोंद मुलांकडूनच करवून घ्यावी.